डाव्या नडगीवर मांजर

तीस वर्षं मी त्याचे बूट ठोकतोय.
लाकडी तळ, वर चामडं,
तळाला नालासारखी लोखंडी पट्टी.
नेल्सन गावात असले बूट अजून चार-सहाजण घालतात,
त्यातला एक सेथ ऑर्मरॉड.
हाडाचा विणकर.
(हा शब्द नंतर कितीतरी दिवस माझ्या तोंडात घोळत राहिला.)

माणूस दुरुस्तीला बूट ठेवून जातो
आणि त्याला वाटतं, आपण काही बोललो नाही.

ऑक्टोबरात डावी पट्टी बाहेरच्या कडेनं झिजलेली.
नवी ठोकली. नाताळात तीही कागदाएवढी.
उजवीवर मात्र माझा शिक्कासुद्धा शाबूत.
म्हटलं, सेथ, चालतोस कसा रे?
म्हणाला, पायांनी.

टोपी आटली म्हणून तो बायकोशी भांडला.
एडिथ म्हणाली, अकरा वर्षांत मी ती धुतलेलीच नाही.
मग धुतली का नाही म्हणून भांडला.

ऐकू कमी येतं? इथं कुणाला येतं?
एका छपराखाली चारशे माग,
आमची अख्खी गल्ली ओठ वाचते,
काचेपलीकडची गुपितंही इथं फुटतात.
तेव्हा सेथचा डावा कान गेला,
तर तो नेमका कशानं गेला
हे विचारायला कुणाला सुचावं?

नडगी दुखते? हवेत ओल आहे.
रात्री जास्त? रात्री ओल जास्त.
प्रत्येक दुखण्याच्या बाजूनं
एकेक साक्षीदार उभा राहत होता,
शेजारचाच, सभ्य, खोटं न बोलणारा.

फसलं नाही ते मांजर.
शेगडीपुढची जागा सोडून
ते त्याच्या डाव्या नडगीवर निजायचं.
उजवीवर ठेवलं तर उठायचं, आळस द्यायचं,
पुन्हा डावीवर.
एडिथनं हे हसत सांगितलं, सुटे पैसे मोजता मोजता.
मला हसू आलं नाही. मी म्हटलं,
तू हात लावून बघ.

सकाळी दुकान उघडायच्या आधी ती दारात.
हात एप्रनमध्ये गुंडाळलेला.
‘गरम आहे,’ म्हणाली. ‘एकच.’
आणि मग, ‘पुढून वाकलीय. मी एवढी वर्षं बघतेय नि...’

बर्नलीला रक्त घेतलं, फोटो काढले.
डॉक्टर होल्डन, तरुण मुलगी, ओठ नीट हलवत बोलली:
हाड कधी स्वस्थ नसतं, ऑर्मरॉड.
जुनं पाडायचं, नवं बांधायचं, जन्मभर.
तुमच्यात मुकादम पळालाय.
पाडणारे घाईत, बांधणारे त्याहून घाईत,
विटांचा ढीग आहे, ओळंबा नाही.
पॅजेटचा आजार म्हणतात.
आपल्या या भागात जास्त दिसतो. का, ते ठाऊक नाही.

डोक्याच्या फोटोवर तिनं बोट ठेवलं:
हे बघा, कापसाचे बोळे असावेत तसं दिसतं.
सेथ दुकानात येऊन हे तीनदा सांगून गेला.
चाळीस वर्षं कापूस, म्हणाला,
कुठून तरी आत शिरणारच की.
त्यानं हसण्यासाठी जागा ठेवली होती.
मी खिळे निवडत राहिलो.

‘भावंडं?’ असंही तिनं विचारलं होतं.
एक बहीण, रॉचडेलला, विनिफ्रेड.
टोपी घालत नाही.
पण चष्म्याच्या दांड्या कानशिलात रुततात
असं तिनं पत्रात लिहिलं होतं, ईस्टरला.
ते पत्र आता एडिथनं घड्याळामागून काढून
टेबलावर ठेवलंय.

डाव्या बुटाखाली मी पाव इंच बूच चढवलं.
त्याच्या नावाचा जुना साचा फळीवरून उतरवला,
परत ठेवला. फेकवत नाही.
गोळ्या सुरू आहेत, रिकाम्या पोटी.
वाक तसाच आहे, वाक गोळीनं जात नाही.

फेब्रुवारीत मांजर शेगडीपुढे परतलं.
डॉक्टरांना हे ऐकून फार बरं वाटलं.
एडिथ सांगते, सेथ अजून संध्याकाळी
डाव्या नडगीवर थाप मारून त्याला बोलावतो.
ते एक कान हलवतं. येत नाही.